सत्तावीस नंबरचा बिल्ला

चेकरसाहेब निवृत्त झाले त्याला आठ वर्षं झाली होती. तरी समोरच्या माणसाने खिशात हात घातला की त्यांची नजर आपोआप त्या हाताकडे जाई. एकतीस वर्षं त्यांनी बसमध्ये तिकिटं तपासली होती. बसमध्ये शिरल्यावर पहिल्या दहा पावलांत कोण विनातिकीट आहे ते आपल्याला कळतं, असा त्यांचा दावा होता. खिडकीबाहेर फार लक्ष देऊन बघणारा एक, आणि आपण होऊन हसणारा दुसरा. या दोघांना ते कधी सोडत नसत.

नोकरी सुटली, पण सवय घरी आली. दूध ते वास घेऊन मगच आत घेत. औषधाच्या बाटलीवरची तारीख भिंग लावून वाचत. दारावर कुणी पत्ता विचारला तर पत्ता सांगण्याआधी तो कशाला हवा आहे हे विचारत. त्यांच्या बायकोला सगळे चेकरीणबाई म्हणत. त्या म्हणायच्या, आमच्या लग्नात यांनी लग्न लावणाऱ्या पाळकांकडे परवान्याचा कागद मागितला होता. हे खरं की गंमत, हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. चेकरसाहेब मात्र ते ऐकून कधी हसत नसत.

गावातल्या लहानशा प्रेस्बिटेरियन चर्चचे ते वडील होते. या पंथात मंडळीचा कारभार एकट्या पाळकाच्या हाती नसतो. सभासद आपल्यातून काही जण निवडतात. त्यांना वडील म्हणतात, मग वय चाळीस असो की ऐंशी. हे वडील आणि पाळक मिळून जी सभा बसते ती सेशन. चर्च म्हणजे एक साधी लांबट खोली होती. दोन्ही बाजूंना सहा-सहा बाक, पांढऱ्या भिंती, त्यांवर ना चित्र ना मूर्ती, फक्त गीतांचे आकडे लावायची लाकडी पाटी. समोर पाळकांनी उपदेश करायचं उंच पुलपिट, त्यावर निळं कापड, आणि खाली एक मेज. या मेजावर वर्षातून चार वेळा प्रभुभोजन होई, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायचा विधी, आणि त्याच्या बिल्ल्यांची जबाबदारी चेकरसाहेबांकडे होती.

बिल्ल्यांची रीत फार जुनी. बहुतेक ठिकाणी ती केव्हाच बंद पडली, पण या मंडळीने टिकवली होती. प्रत्येक सभासदाचा एक पितळी बिल्ला, रुपयाहून थोडा मोठा, त्यावर त्याचा नंबर. प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात वडिलांनी आपल्या वाट्याच्या घरी जायचं, आत बसायचं, विचारपूस करायची, प्रार्थना करायची आणि बिल्ला हातात द्यायचा. रविवारी भाकर फिरण्याआधी बाकांवरून थाळी फिरते, तिच्यात तो बिल्ला टाकायचा. पूर्वी अपात्र माणूस मेजाशी येऊ नये म्हणून हे करत. आता वडिलांनी आळस न करता घरोघर जावं, एवढ्यासाठीच ते उरलं होतं. उपासनेनंतर बिल्ले मागच्या खोलीत येत. तिथे एका फळीवर नंबरवार खिळे होते. चेकरसाहेब एकेक बिल्ला त्याच्या खिळ्याला अडकवत आणि रिकामे खिळे वहीत टिपून घेत. लागोपाठ चार वेळा ज्याचा खिळा रिकामा राहिला, आणि ज्याच्या आजारपणाची नोंद वडिलांनी दिली नाही, त्याचं नाव सभासदांच्या यादीतून कमी होई.

सत्तावीस नंबरचा खिळा टेलरमास्तरांचा होता.

मास्तर आणि चेकरसाहेब एके काळचे जिवाभावाचे मित्र. एकाच रविवारी दोघं सभासद झाले, एकाच बाकावर बसले, एकमेकांच्या लग्नाला उभे राहिले. पण सहा वर्षांपूर्वी पुलपिटासाठी नवं कापड आणलं. ते शिवलं मास्तरांनी, हौसेने, काही न घेता. कापड पुलपिटावर चढलं तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. चेकरसाहेबांनी खिशातून टेप काढला. कापड आणलं होतं साडेचार मीटर, आणि पुलपिटावरचं भरत होतं चार मीटरच्या आसपास. ते एवढंच म्हणाले, “मास्तर, बाकीचं कुठं गेलं?”

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि काही न बोलता घरी गेले. त्या दिवसापासून बोलणं बंद. मास्तर दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसू लागले. चेकरसाहेबांचं म्हणणं, खरं असतं तर सांगितलं असतं. उत्तर न देणारा माणूस त्यांच्या लेखी खिडकीबाहेर बघणाऱ्या प्रवाशासारखाच.

मास्तरांचं घर मात्र चेकरसाहेबांच्याच वाट्याला होतं. दर वेळी बिल्ला द्यायला जावं लागे. सव्वा वर्षापूर्वी मास्तर जिन्यावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळले, असं चेकरसाहेबांच्या कानावर आलं. ते दारापर्यंत गेले. मास्तरांची सून बाहेर आली. बाबा पडून आहेत, आत या ना काका, असं म्हणाली. पण दार वाजवण्याआधी आतून शिलाई मशीनचा खडखडाट ऐकू आला होता. चेकरसाहेबांच्या मनात पाल चुकचुकली. पडून असलेला माणूस मशीन चालवतो? त्यांनी बिल्ला सुनेच्या हातात ठेवला आणि उंबरठ्यावरूनच परतले. पुढच्या तिन्ही वेळी तेच केलं.

सेशनला द्यायच्या कागदावर दोनच रकाने होते, ‘भेट झाली’ आणि ‘भेट झाली नाही’. चारही वेळा त्यांनी ‘भेट झाली’समोर खूण केली. आजारपणाची नोंद केली नाही. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी सही करत नाही, असं ते स्वतःला सांगत.

चेकरीणबाईंनी त्यांना दोन-चारदा सांगून पाहिलं होतं. दर बुधवारी चर्चच्या मागच्या खोलीत बायका सूप आणि पाव करत आणि गावातल्या एकट्या, आजारी माणसांना डबे पोचवत. मंडळीत नाव असो नसो, मागेल त्याला डबा. मास्तरांचा डबा चेकरीणबाई नेत. मास्तर खरंच उठू शकत नाहीत, कुशीवर वळवायलाही माणूस लागतो, असं त्या म्हणत.

“तुझ्यापुरता पडत असेल,” चेकरसाहेब म्हणत. “डबा येतो ना वेळेवर.”

त्या डबा उचलून चालू लागत. नवे पाळक येऊन पाच महिने झाले होते, त्याआधी वर्षभर मंडळीला पाळकच नव्हता, प्रभुभोजनापुरते परगावचे पाळक येत. त्यांनी एकदा मास्तरांबद्दल विचारलं, तेव्हा माझ्या वाट्याचं घर आहे, मी बघतो, असं चेकरसाहेबांनी सांगितलं. दुसऱ्या वडिलांच्या घरात डोकावायचं नाही हा तिथला शिरस्ता. पाळकही नवे. विषय तिथेच मिटला.

आणि एवढं सगळं असताना सत्तावीस नंबरचा बिल्ला दर वेळी थाळीत येत होता.

मास्तर पडल्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला चेकरसाहेबांना वाटलं, कुणी उचलून आणून मागच्या बाकावर बसवलं असेल, आपल्याला दिसलं नसेल. दुसऱ्या वेळी त्यांनी मान वळवून वळवून सगळे बाक पाहिले. मास्तर नव्हते. उपासना संपली, थाळी मागच्या खोलीत आली आणि सत्तावीस नंबर त्यांच्या तळहातावर पडला. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग त्यांच्यातला तपासनीस कामाला लागला. पहिली शंका, बिल्ला बनावट असेल. तिसऱ्या वेळी सुनेच्या हाती देण्याआधी त्यांनी बिल्ल्याच्या पाठीवर खिळ्याने बारीक फुली ओरखडली. बिल्ला फुलीसकट परत आला. म्हणजे माल अस्सल, वापरणारा वेगळा. कोण असेल? सून तर सभासद नव्हती, ती चर्चमध्ये पाऊलही टाकत नसे. उरला राखणदार. तो चर्चची झाडलोट करी, त्याच्याकडे मागच्या खोलीची किल्ली असे, आणि मास्तर त्याच्या पँटी फुकट सांधून देत. उपासनेनंतर हा गुपचूप बिल्ला थाळीत सरकवत असणार. मास्तर घरी मशीन चालवतात, बुधवारचा डबा खातात आणि न येता हजेरी लावतात, असं सगळं चित्र चेकरसाहेबांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. त्यांना राग आला होता, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला होता. कापडाच्या वेळी हाती काही लागलं नव्हतं. आता लागणार होतं.

चौथ्या वेळी त्यांनी बंदोबस्त केला. थाळी मी स्वतः फिरवणार, असं पाळकांना सांगितलं. राखणदाराला फाटकाशी उभं केलं. तो बिचारा उन्हात तासभर कोणाची वाट बघायची ते विचारत राहिला. चेकरसाहेब एकेका बाकाला थाळी देत, ती दुसऱ्या टोकाला पोचली की हातात घेत आणि पुढच्या बाकाला देण्याआधी बोटाने बिल्ले हलवून नंबर बघत. पेटीवर संथ गीत चाललं होतं, लोक डोळे मिटून बसले होते, आणि चेकरसाहेब डोळ्यांत तेल घालून पितळ निरखत होते. पहिला बाक, नाही. दुसरा, नाही. तिसऱ्या बाकावरून थाळी परत आली, आणि सगळ्यांत वर, फुली वर करून, सत्तावीस नंबर बसला होता.

त्यांनी मान वर करून बाकाकडे पाहिलं. तिसरा बाक त्यांचा स्वतःचा. त्यावर त्या दिवशी चौघीच होत्या. पेटीवाल्याची बायको, तिची मुलगी, निवृत्त शाळामास्तरीण आणि चेकरीणबाई.

भाकर आली, प्याला आला. चेकरसाहेबांनी तो घेतला खरा, पण लक्ष शाळामास्तरणीच्या पर्सवर होतं. ती डोळे मिटून बसली होती. फारच मिटून, असं त्यांना वाटलं.

दुपारी जेवताना त्यांनी सगळी हकीकत बायकोला सांगितली. सोमवारी संध्याकाळी सेशन होती. मास्तरांचा खोटेपणा तिथे मांडायचा, चार गैरहजेऱ्या लावायच्या आणि नाव कमी करायला सांगायचं, हे त्यांनी पक्कं केलं होतं. शाळामास्तरणीचंही नाव घेणार होते. इतकी वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं आणि स्वतः हे, असं म्हणत त्यांनी पाण्याचा पेला ठेवला.

चेकरीणबाई ताटं उचलत होत्या. त्यांनी ती परत मेजावर ठेवली.

“बाईंचं नाव घेऊ नका,” त्या म्हणाल्या. “मी टाकते.”

“काय टाकतेस?”

“बिल्ला. दोन टाकते. एक माझा, एक मास्तरांचा. पहिल्यापासून.”

दुसऱ्या वेळेपासून चेकरसाहेबांनी सबंध चर्च चाळून काढलं होतं. मागच्या तिन्ही वेळा ही बाई त्यांच्या कोपराला कोपर लावून बसली होती.

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर काय केलं असतंत?”

त्या बसल्या आणि शांतपणे सांगू लागल्या. पहिल्याच वेळी मास्तरांनी उशीखालून बिल्ला काढून त्यांच्या हातात दिला होता. यादीत माझं नाव बायकोच्या नावाशेजारी आहे, ती गेली तरी रेघ मारून तिचं नाव तिथंच ठेवलंय, मला तिच्या शेजारून काढू नका, एवढंच म्हणाले होते. आजारपणाची नोंद वडिलांनी करायची असते, वडील दारातूनच परत गेले, मग मी दुसरं काय करू, असंही म्हणाले होते.

“पण मशीन चालतं त्यांच्या घरी. मी ऐकलंय,” चेकरसाहेब म्हणाले.

“सून चालवते. घर कशावर चालतंय त्यांचं? दोन पावलं आत गेला असतात तर दिसलं असतं.” मग त्या जरा थांबल्या. “मी खोटं वागले, कबूल आहे. सेशनला माझं नाव सांगा. पण तुम्ही कागदावर काय लिहिलंत? ‘भेट झाली.’ कुणाची झाली? उंबरठ्याची?”

ती दुपार चेकरसाहेबांना फार जड गेली. आधी त्यांना बायकोचाच संशय आला. जी चार वेळा आपल्या नाकाखाली बिल्ला टाकते, तिने चौतीस वर्षांत आणखी काय काय केलं असेल? त्यांनी लग्नापासूनचं सगळं आठवून पाहिलं. आजारपणात तिने दिलेली औषधं, नातेवाइकांना परस्पर पाठवलेल्या भेटी, दुधाचा वास घेतल्यावर तिचं ते तोंड फिरवणं. काळंबेरं असं काही सापडेना. मग शोधता शोधता ते त्या चार कागदांशी येऊन थांबले. त्यांवरची खूण आणि खालची सही त्यांच्याच हातची होती. बसमध्ये अशा कंडक्टरला त्यांनी एकदा निलंबित करवलं होतं. न गेलेल्या फेरीची नोंद केली म्हणून.

सोमवारी मागच्या खोलीत सेशन बसली. पाळक आणि पाच वडील. फळीवर बिल्ले ओळीने लटकत होते. पाळकांनी यादी वाचायला घेतली. पंचविसाव्याची बदली झाली होती, सव्विसावी परगावी मुलीकडे. सत्तावीस आला तसे चेकरसाहेब उभे राहिले. हातात वही होती. तिच्यात मास्तरांविरुद्धचे मुद्दे अजून तसेच होते. ते पान त्यांनी उलटलं.

“सत्तावीस नंबर वर्षभर आलेला नाही,” ते म्हणाले. “बिल्ला माझ्या बायकोने टाकला. आणि चारही वेळा मी आत गेलो नव्हतो. ‘भेट झाली’ हे मी खोटं लिहिलं.”

मग पोस्टातले म्हातारे वडील, ज्यांना चेकरसाहेबांनी एकदा पासची मुदत संपली म्हणून बसमधून उतरवलं होतं, हळूच म्हणाले, “चेकरच विनातिकीट सापडला म्हणायचा.”

हसू दाबताना दोघांना खोकला आला. चेकरसाहेबांनी ते ऐकून घेतलं. बिल्ल्यांचं काम आणि मास्तरांचं घर, दोन्ही माझ्याकडून काढून घ्या, असं ते म्हणाले. पाळक वयाने त्यांच्या मुलासारखे, पण या वेळी त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“घर काढून घेतलं तर तुमची सुटका होईल, काका. ते नाही करणार. बुधवारी प्रभुभोजन मास्तरांच्या घरी न्यायचंय. बिल्ला तुम्ही द्या. हातात.”

बिल्ला परस्पर टाकला ही चूक झाली, अशी नोंद कार्यवृत्तात झाली. चेकरीणबाईंना समज द्यायचं काम चेकरसाहेबांकडेच आलं. ते त्यांनी घरी जाऊन केलं की नाही, हे कुणी विचारलं नाही. मास्तरांच्या नावापुढे ‘आजारी’ असा शेरा आला. नाव राहिलं.

बुधवारी डबा घेऊन चेकरीणबाई पुढे, पाळक भाकर-प्याल्याची छोटी पेटी घेऊन मध्ये आणि चेकरसाहेब मागे. सुनेने दार उघडलं. मशीनवर अर्धवट शिवलेला उशीचा अभ्रा तसाच होता. पलीकडच्या खोलीत खिडकीशी खाट. मास्तर इतके लहान दिसत होते की चेकरसाहेबांना आधी वाटलं, कुणी दुसरंच झोपलंय. मास्तरांना आता दिसत नव्हतं, चष्माही काही कामाचा नव्हता. त्यांनी पावलांच्या आवाजाकडे मान वळवली.

“तिसरा कोण?”

“मी,” चेकरसाहेब म्हणाले.

“दारापर्यंत येणारा?”

“हो. तोच.”

चेकरसाहेब खुर्चीवर बसले. विचारपूस करायची असते, पण काय विचारावं ते सुचेना. तोंडात नेहमीचे प्रश्न होते, ते सगळे तपासणीचे. शेवटी त्यांनी बिल्ला मास्तरांच्या तळहातावर ठेवला. मास्तरांनी तो बोटांत फिरवला. शिवणाऱ्याची बोटं, दोऱ्याची गाठही त्यांना कळायची. अंगठा पाठीवरच्या फुलीशी थांबला.

“हे तुझं काम.”

“हो.”

“खोटा आहे का बघत होतास?”

“हो.”

“मग?”

“खरा निघाला.”

मास्तरांनी बिल्ला पाळकांनी पुढे केलेल्या थाळीत टाकला. भाकर झाली, प्याला झाला. पाळकांनी एक स्तोत्र वाचलं. सून दाराशी उभी राहून ऐकत होती. निघताना चेकरसाहेब खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसले.

“ते कापड,” ते म्हणाले. “साडेचार मीटर.”

चेकरीणबाईंनी डोळे मिटून घेतले.

मास्तरांनी चादरीची कड बोटांत धरून चाचपली. मग म्हणाले, “सुती कापड आधी भिजवतात, वाळवतात, मग कापतात. नाहीतर पहिल्या धुण्यात पुलपिट उघडं पडेल. भिजवलं की आटतं. वर चारी बाजूंनी दुमड गेली ती वेगळीच. सहा वर्षं हेच विचारायला यायचं होतं तर तेव्हाच यायचं होतंस.”

चेकरसाहेब घरी आले. चहा घेतला. मग कपाटातून कोऱ्या सुती कापडाचा एक तुकडा काढला, त्यावर टेप लावला आणि आकडा वहीत लिहिला. तुकडा बादलीत बुडवला, रात्रभर ठेवला, दुसऱ्या दिवशी दोरीवर वाळवला. चेकरीणबाई येता-जाता बघत होत्या.

पुढच्या बुधवारी मास्तरांचा डबा चेकरसाहेब स्वतः घेऊन गेले. दार उघडंच होतं. ते आत गेले, खुर्ची ओढली, बसले.

“आटलं,” ते म्हणाले.

मास्तरांनी मान वळवली. “किती?”

“मीटरला चार बोटं.”

“भिजवून पाहिलंस?”

“पाहिलं.”

मास्तरांचा चेहरा सुरकुतला. त्यांना हसताना त्रास होत होता, तरी ते हसले. “वाटलंच मला,” ते म्हणाले. “माझ्या शब्दावर तू गप्प बसला असतास, तर तू तूच आहेस का अशी शंका आली असती.”

चेकरसाहेबांनी डब्याचं झाकण उघडलं, सवयीने सुपाचा वास घेतला आणि चमचा मास्तरांच्या हातात दिला.